तुमचा ओरिजिनल अल्टरनेटर

अहो,

एवढी वर्षं हाक मारायला हेच पुरलं, तेव्हा पत्राच्या मायन्यालाही पुरेल. चौथीच्या पोरांना मी जन्मभर पत्रलेखन शिकवलं. वडिलांना 'तीर्थरूप', मित्राला 'प्रिय', आणि खाली 'आपण सर्व खुशाल असाल' हे एक वाक्य. तुमच्या बाबतीत ते वाक्य कसं लिहायचं हे काही पुस्तकात नव्हतं, म्हणून गाळते.

तुम्हाला जाऊन दुसरा उन्हाळा आला. एवढे दिवस मी तुमच्याशी मनातल्या मनात बोलून घेत होते, भांडूनही घेत होते. लिहायची वेळ आली नव्हती. आज आली, कारण तुमच्या अँबेसिडरचा अल्टरनेटर बदलायचा की नाही, हे मला उद्या सकाळपर्यंत सांगायचं आहे. बब्बूभाई मिस्त्री बॉनेट उघडं टाकून निघून गेला. जाताना म्हणाला, "वहिनी, हाव म्हणाल तं उद्या नवा बसवतो. नाई म्हणाल तं मी या गाडीले पुन्हा हात लावत नाई." आणि तिकडे पुण्याहून तुमचा लेक नितीन दर तासाला फोन करून सांगतो, की अल्टरनेटरला हात लावू द्यायचा नाही. घरातलं कुणी दवाखान्यात असल्यासारखी गल्लीतली माणसं येऊन विचारपूस करून जातात. त्यांच्या चहात माझी साखर संपली.

आता तुमची वस्तू, तेव्हा तुम्हाला विचारल्याशिवाय कसं ठरवू? आणि विचारलं तर तुमचं उत्तर काय असणार, हे मला ठाऊक नाही का?

अल्टरनेटर म्हणजे इंजिनाच्या बाजूला पट्ट्यावर फिरणारा, बॅटरीत वीज भरणारा तो गोल डबा. मी एकदा तुमच्यासमोर त्याला डबा म्हटलं, तर तुमचा घास हातातच राहिला. "डबा नाई वं. जीव हाये तो गाडीचा. अन् ओरिजिनल हाये. कंपनीतूनच बसून आला." ओरिजिनल हा शब्द तुम्ही असा उच्चारायचात, की समोरच्याने चपला काढाव्या.

खरं सांगा, त्यात ओरिजिनल उरलं तरी काय होतं? तुम्ही उघडून द्यायचात, आणि आतली तांब्याची तार बब्बूभाईने किती वेळा नव्याने गुंडाळली? कार्बन बदलले, बेअरिंग बदललं, मागचं झाकण कुठल्याशा ट्रॅक्टरचं घासून बसवलं. कंपनीचं म्हणावं असं वरचं कवच तेवढं होतं. तरी आपल्या बियाण्यांच्या दुकानात गिऱ्हाईक आलं की आधी कपाशीचं वाण आणि मग तुमच्या अल्टरनेटरचं कौतुक, हा क्रम ठरलेला.

सगळं बिघडलं ते गाडी घेतली त्याच दिवशी. जिनिंगवाल्या शेठजींची ती जुनी गाडी तुम्ही पेढे वाटून घरी आणली. मोताळ्याहून माझी अक्का आणि दाजी मुद्दाम बघायला आले होते. दाजी बिचारे वांगी-मिरची लावणारा माणूस, त्यांनी साधा प्रश्न विचारला, "साडूभाऊ, जुनी हाये, मंग सुरू होते ना बराबर?" तुम्ही एक बोट वर केलंत. "एका सेल्फात. एका." दाजींनी त्या बोटाकडे बघून मान डोलावली. आणि पुढच्याच आठवड्यात तुमच्या ओरिजिनलने वीज करणं सोडलं, बॅटरी उतरली, आणि गाडी धक्का दिल्याशिवाय हलेना. दुसरा कुणी असता तर नवा आणून मोकळा झाला असता. पण तुम्ही बोट वर केलं होतं ना. नवा घेणं म्हणजे दाजींपुढे ते बोट खाली घेणं.

मग सुरू झाला तो उताराचा संसार. एकदा लोखंडी हँडल मारून बघितलंत, ते उलटं फिरलं, मनगट सुजलं, तेव्हापासून हँडल सोडलं आणि उतार धरला. गाडी नेहमी उतारावर लावायची, म्हणजे ब्रेक सोडला की आपोआप घरंगळते आणि क्लच सोडला की सुरू होते. पण मलकापूरसारख्या तव्यावर उतार आणायचा कुठून? तुम्ही घरासमोर सिमेंटचा चढ बांधलात. आपल्या घराचं जोतं दोन पायऱ्यांचं, आणि गाडीचं माझ्या कमरेइतकं. सत्यनारायणाला आलेल्या बायका आधी गाडीलाच हात जोडायच्या.

समोरच्या पट्टीवर चार्जिंगचा लाल दिवा लागलेला असायचा, तो तुम्हाला बघवेना. तर दुरुस्ती काय केलीत? माझ्या पाकिटातली एक टिकली काढून त्या दिव्यावर चिकटवलीत. टिकली पण लाल. वरून मला म्हणता, "पाह्य, गाडी सवाशीण दिसते का नाई?"

पाव्हण्यारावळ्यांकडे जायचं तर आधी त्यांच्या दारचा उतार. अमडापूरला तुमच्या बहिणीचं घर टेकाडावर, गल्ली सरळ बाजारापर्यंत उतरलेली. म्हणून वन्संवर तुमची इतकी माया, की महिन्यातून दोनदा आपण तिथे. वन्सं अजून सांगतात, माझा भाऊ माझ्यावाचून राहत नव्हता. मी हो ला हो म्हणते. नितीनसाठी चिखलीला मुलगी बघायला गेलो तेव्हा सगळे पोहे खात होते आणि तुम्ही अंगणात लिंबू ठेवून ते कुठल्या बाजूला घरंगळतं ते बघत होतात. मुलीच्या वडिलांना वाटलं, पाव्हणे वास्तुशास्त्र जाणतात. लिंबू फाटकाकडे गेलं आणि तुम्ही आत येऊन म्हणालात, "आमची पसंती हाये." सून सोन्यासारखी निघाली हे तिचं नशीब आणि आपलं. त्या लिंबाचा त्यात काही हात नव्हता.

आणि नांदुऱ्याचं ते लग्न? नवरदेवासाठी गाडी मागितली आणि तुम्ही ऐटीत दिलीत. मंगल कार्यालयाचं आवार सपाट. वाजंत्री वाजतेय, नवरी रडून दमली, आणि गाडी मुकी. शेवटी नवरदेव सेहरा मागे टाकून स्वतः धक्का मारायला उतरला. नवरी आत एकटी बसलेली आणि सुकाणूवर मी. गाडी सुरू झाली आणि मला थांबवता येईना, ती थेट हमरस्त्यापर्यंत गेली, आणि नवरदेव मागून पळत आला.

हो, सुकाणूवर मी. कारण तुमचं म्हणणं, धक्का मारणं गड्याचं काम आणि क्लच सोडणं नाजूक हाताचं. किती वर्षं मी त्या सीटवर बसले? गल्लीतली मंडळी बाह्या सरसावून मागे उभी, तुम्ही ओरडणार, "सोड!", मी क्लच सोडणार, गाडी हिसका देऊन जागी होणार. आणि लगेच तुम्ही धापा टाकत दाराशी, "सरक तिकडं." गाडी सुरू करणं मला जगात कुणाला येत नसेल इतकं येत होतं. पुढचं काही येत नव्हतं. तुम्ही गेल्यावर मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं, तेव्हा शिकवणारा म्हणाला, "मॅडम, आधी गाडी चालू कशी करायची ते बघू." म्हटलं, ते राहू द्या, त्याच्या पुढचं शिकवा.

आता मोताळ्याचं बोलू का? नको वाटतं, पण त्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही.

अक्काचं घर सपाट गल्लीत. लिंबू ठेवलं तर ठेवल्या जागीच राहील. आणि धक्का मारायची सोय नाही, कारण तिथे दाजी होते आणि तुमचं ते एका सेल्फाचं बोट होतं. म्हणून मोताळ्याला तुम्ही इंजिन कधी बंदच केलं नाही. मी आत अक्काशी बोलायची, तुम्ही बाहेर गाडीत, पाय अॅक्सिलरेटरवर. अक्का खिडकीतून चहा द्यायची. हिवाळ्यात भरीत व्हायचं तेव्हा ताट सुकाणूवर ठेवून तुम्ही जेवायचात, दाजी खिडकीपाशी उभे राहून आग्रह करायचे, "घ्या साडूभाऊ, आणखी एक पुरी," आणि पुरीला धुराचा वास. पाच वाजले की हॉर्न. दिवे लावले की बॅटरी संपते, म्हणून दिवेलागणीच्या आत मलकापूर गाठायचं. माझ्या सख्ख्या बहिणीकडे मी गाडी आल्यापासून एक रात्र राहिले नाही.

तुम्हाला कधी कळलंच नाही, की अक्का त्याचा काय अर्थ लावत होती. आमच्या माहेरी रीत होती. पाव्हण्याची बैलगाडी दारात आली की घरधनी आधी बैल सोडायचा, त्यांना वैरण टाकायचा. बैल सुटले म्हणजे पाव्हणा मुक्कामाला. आणि जो बैल न सोडताच पाणी पिऊन जाईल, त्याच्या मनात अढी आहे असं समजायचं. तुमचं चालू इंजिन म्हणजे अक्काच्या दारात न सोडलेले बैल. तिला वाटायचं, मलकापूरच्या दुकानदाराला आपलं भाजीवाल्याचं घर बसण्यालायक वाटत नाही. मी तिला किती वेळा सांगितलं, अक्का, उताराचं कारण आहे. ती म्हणायची, "एवढी मोठी गाडी, अन् तिले उतार लागते? मले येडी समजते काय वं?" दाजी गेले तेव्हाही तुम्ही गाडी चालू ठेवूनच खांदा द्यायला उतरलात. तुमच्या तेरवीला अक्का माझ्याजवळ बसून डोळे पुसत होती आणि पुसता पुसता म्हणाली, "गेले तं गेले बिचारे. पन माह्या दारात एकदाबी बसले नाई."

मी उठून तिला पाणी आणून दिलं.

आता अक्का पडली आहे. अंगणातल्या मोरीच्या शेवाळावरून पाय घसरला, मांडीपासून प्लॅस्टर. तिची सून बाळंतपणाला माहेरी, मुलगा सुरतेला नोकरीवर. बुलढाण्याच्या डॉक्टरांकडे तिला सारखं न्यावं लागणार. तो पाय घेऊन रिक्षात बसता येत नाही, आपल्या अँबेसिडरच्या मागच्या सीटवर मात्र ती आडवी मावते. तिने फोन केला, "ये वं. राह्याले ये. येऊन लगे पळाचं असन तं नोको येऊ." आम्ही पाच भावंडं, आता ती आणि मी दोघीच. मी बॅग भरली, गाडी काढली, आणि गाडी मोताळ्याच्या फाट्यालाही पोचली नाही. पेट्रोल पंपासमोर भर दुपारी मुकी झाली. बब्बूभाईने दोराने ओढून आणली. तोवर, मी अजून पोचले नाही म्हणून अक्काचा फोन, "समजलं मले." आणि तिने ठेवून दिला.

म्हणून हा अल्टरनेटरचा प्रश्न. बब्बूभाई म्हणाला, "वहिनी, याच्यात आता काही राह्यलं नाई. भाऊच्या इज्जतीसाठी मी आजवर खेचला याले. आता याले सुट्टी द्या." मी फोनचा स्पीकर लावला, म्हटलं दोघं काय ते बोलून घ्या. नितीन म्हणाला, "काका, तो ओरिजिनल पार्ट आहे. आमच्या ग्रुपमध्ये लोक असा पार्ट शोधत फिरतात. रिपेअर करा ना." बब्बूभाई म्हणाला, "तुह्या ग्रुपमधले लोकं घाटात धक्का माराले येतीन काय?" नितीन इंग्रजीत काहीतरी बोलला. बब्बूभाईने मला विचारलं, "शिवी दिली काय यानं?" मी म्हटलं, नाही, वारसा म्हणाला.

मला हसू आलं, आणि रागही. गाडी धुवायला सांगितलं की संडासात जाऊन बसणारा हा मुलगा, आता त्याला वारसा आठवतो. मी तसं त्याला ऐकवलं. तर म्हणाला, "आई, बाबांनी स्वतः पुन्हा पुन्हा उघडून बसवलेली त्या गाडीत ती एकच गोष्ट आहे गं."

आणि आता तुमच्याशी भांडायचं आहे, ते भांडून घेते. या घरात ओरिजिनल ठेवायचं की बदलायचं हा प्रश्न याआधी एकदा आला होता. तुमच्या छातीचे ठोके चुकायला लागले तेव्हा डॉक्टर म्हणाले, एक छोटं यंत्र बसवू, ठोक्याला वीज पुरवतं, आजकाल साधी गोष्ट आहे. तुम्ही काय म्हणालात? "नाई साहेब. ओरिजिनलवर चालते तेवढी चालू द्या." डॉक्टर हसले. तुम्हीही हसलात. मी घरी येऊन रडले, भांडले, जेवण सोडलं. तुम्ही माझ्या ताटातली भाकरीही खाल्लीत. आणि मग एका दुपारी दुकानात, गिऱ्हाईकाला बियाण्याची पिशवी देता देता खाली बसलात. माणूस काही उतारावर लावून ठेवता येत नाही हो, धक्का दिला की पुन्हा सुरू होईल म्हणून. मी तुमच्यावर अजून चिडलेली आहे. तुमच्या फोटोला हार घालताना पण चिडलेली असते. कुणाला दिसत नाही, एवढंच.

आता सांगा, उद्या बब्बूभाईला काय सांगू?

* * *

पत्र तिथेच राहिलं होतं. मधे बरेच दिवस गेले. हे पुढचं मोताळ्याहून, अक्काच्या पडवीत बसून लिहिते आहे, तेव्हा काय ठरलं ते तुम्हाला कळलंच.

तुम्ही उत्तर दिलं नाही. मी त्या सकाळी चहा होईपर्यंत वाट बघितली. मग बब्बूभाईला फोन करून सांगितलं, काढ.

त्याने काढायच्या आधी हात धुतले. नेहमी तो काम झाल्यावर धुतो. बोल्ट सोडवून तो डबा (चिडू नका) दोन्ही हातांनी बाहेर काढला आणि म्हणाला, "भाऊ असते तं याच पान्यानं मले मारलं असतं." मग म्हणाला, अर्ध्या तासाचं काम आहे. सकाळचं काम संध्याकाळपर्यंत चाललं. नवा बसायच्या जागेत बसेना, पट्टी कापली तर आखूड झाली, दुसरी आणली तर पट्टा किंचाळायला लागला. बब्बूभाई दुकानदाराला, कंपनीला आणि एकदा चुकून मलाही बोलला. मी आतून चहा पाठवत राहिले आणि मनात म्हटलं, तुम्ही वरून काड्या घालताय.

शेवटी त्याने चावी माझ्याकडे दिली. गल्लीतली मंडळी सवयीने बाह्या सरसावून मागे उभी होती. मी सेल्फ मारला. एका सेल्फात सुरू झाली. मंडळींनी हात तसेच धरलेले, गाडी पुढे गेली आणि ते जागेवर उभे. एवढं वाईट त्यांना तुमच्या वेळी पण वाटलं नसेल. लाल दिवा विझला का ते बघायला बब्बूभाईने नखाने टिकली काढली. विझला होता. टिकली त्याने माझ्या हातावर ठेवली आणि दुसरीकडे बघायला लागला.

तुमचा ओरिजिनल मी नितीनला पाठवला. तुमच्या राखाडी स्वेटरमध्ये गुंडाळून, खोक्यात घालून, पुण्याच्या ट्रॅव्हल्सने. वारसा पाहिजे होता ना? घे म्हटलं. सूनबाईचा फोन आला, "आई, यांनी ते शोकेसमध्ये ठेवलं हो, माह्या काचेच्या भांड्यायच्या मधात. ग्रीस लागून राह्यलं सगळीकडं." मी विचारलं, नितीन काय करतो? म्हणाली, "स्वेटर घालून बसला. पुण्यात किती गरमी हाये, तरी."

बुलढाण्याच्या घाटाचं आधी सांगते. अक्काला मागे आडवी घातली, पाय खिडकीशी, आणि राजूर घाट चढले. अर्ध्या घाटात ती म्हणाली, "हॉर्न वाजते काय पाह्य." वाजवला. "लाईट?" लावले. भर दुपारी. "वायपर?" लावला. समोरून येणारा एसटीवाला काय समजला कोण जाणे, त्याने पण वायपर लावला. डॉक्टरांकडे अक्काने आपल्या पायाचं जेवढं सांगितलं त्याहून जास्त गाडीचं सांगितलं.

आता ज्या दिवशी आले त्या दिवसाचं. ते मी मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण लिहायला जड जातं.

गल्लीत वळले तेव्हा आवाज अक्काने ओळखला असणार. मी दारात थांबले तर आतून, खाटेवरूनच, ती शेजारणीला सांगत होती, "वच्छे, चहा खिडकीतूनच दे वं तिले. त्यायची गाडी बंद नाई होत." वच्छी खरंच कप घेऊन बाहेर आली आणि खिडकीशी उभी राहिली. मी तिच्याकडे बघितलं आणि चावी फिरवली.

गल्ली एकदम शांत झाली. कोपऱ्यावरची पिठाची गिरणी चालू होती, ती ऐकू यायला लागली. एवढ्या वर्षांत मोताळ्याला मी ती गिरणी कधी ऐकली नव्हती.

आतून आवाज आला, "बंद पडली काय वं?"

"नाई अक्का. म्या बंद केली."

"मुद्दाम?"

"हाव. मुद्दाम."

मी बॅग घेऊन आत गेले. तिने हात पुढे केला, मला वाटलं, उठवून बसवायचं आहे. तर म्हणाली, "चावी दे." मी दिली. तिने ती उशाखाली सारली आणि वर डोकं टेकलं. आमचे बाबा हेच करायचे. पाव्हण्याला ठेवून घ्यायचं असलं की त्याच्या गाडीच्या जुवातल्या खुंट्या, त्या शिवळा, काढून धान्याच्या कणगीत लपवायचे, म्हणजे बैल जुंपता येत नाहीत आणि पाव्हण्याला जाता येत नाही. आम्ही दोघी लहानपणी त्या कणगीवर पहारा द्यायचो. आम्हा दोघींना तेच आठवलं.

चहा पिऊन झाल्यावर तिने विचारलं, "काय केलं वं गाडीले?" मी सांगितलं. जुना पार्ट वीज भरत नव्हता, म्हणून बंद केली की सुरू व्हायची नाही, म्हणून उतार लागायचा, आता नवा बसवला. पूर्वी शंभरदा सांगितलं होतं तेच. या वेळी तिने ऐकलं. वर आढ्याकडे बघत राहिली.

"म्हंजे खरंच उतार लागे काय त्याईले?"

"हाव."

"अन् तुह्या दाजीसमोर सांगाची लाज वाटे?"

"हाव."

ती रडवेली होऊन, रागावून म्हणाली, "मंग सांगाचं ना वं एकदा. आम्ही ढकलली असती. तुह्या दाजीनं ढकलली असती, म्या ढकलली असती, पुरी गल्ली आली असती."

ऐकलंत का? पुरी गल्ली आली असती. आणि तुम्ही इतकी वर्षं त्या धुरात बसून पुऱ्या खाल्ल्यात.

माझा राग अजून गेलेला नाही, पण त्या दिवशी अक्काच्या मनातला तुमच्यावरचा गेला. आता ती तुमचं नाव काढते तेव्हा 'बिचारे' म्हणत नाही, 'येडे' म्हणते. माझ्या माहेरात याहून मोठा मान नाही.

चावी अजून तिच्या उशाखालीच आहे. दवाखान्यात जायचं असलं की काढून देते आणि परत आलो की हात पुढे करते. प्लॅस्टर निघेल, सून बाळ घेऊन येईल, तरी ती लवकर देईल असं दिसत नाही, आणि मी मागणार नाही. तुम्हाला माझा शब्द आहे. या दारात तुम्ही जे मुक्काम केले नाहीत, ते सगळे तुमच्या नावाने मी इथे करीन, आणि एकही बाकी ठेवणार नाही.

तुमची,
सुमन